कुजणं आणि जिरणं

मागच्या उन्हाळ्यात दोन महिने घर बंद होतं. जाताना खताचा डबा मी काठोकाठ भरून ठेवला होता. साली, देठं, कुंड्यांमधला पाचोळा, चुरगाळलेले कागद. परत येईपर्यंत आतलं सगळं काळंभोर आणि भुसभुशीत झालेलं असेल, असा माझा हिशेब. येऊन झाकण उघडलं तर सगळं जसंच्या तसं. साली चामड्यासारख्या कडक, पानं हातात घेतली की खुळखुळणारी, देठांचा रंग तेवढा उतरलेला. ओला कचरा म्हणून टाकलेलं सगळं ठणठणीत कोरडं होऊन बसलं होतं. घाणसुद्धा येत नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आतले जीव मेले असणार, असं धरून मी दोन तांबे पाणी ओतलं आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी झाकण उचललं तर मातकट, किंचित आंबूस वास आला. चौथ्या दिवशी आत हात घातला तर डबा कोमट लागला. म्हणजे कुणी मेलं नव्हतं. सगळे थांबले होते.

तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळायला लागला. वाळवंट म्हणजे असाच एक न संपणारा, झाकण नसलेला डबा. तिथेही गवत मरतं, काटक्या पडतात, जनावरं शेण टाकतात आणि एक दिवस स्वतःही आडवी होतात. पाऊस वर्षातून एखाद-दोन वेळा, कधी तोही नाही. मग हे सगळं जातं कुठे? माझ्या डब्यासारखं सगळं टिकून राहिलं असतं, तर वाळवंटात वाळूपेक्षा पाचोळ्याचेच ढीग जास्त दिसले असते.

हा प्रश्न माझ्या आधी बऱ्याच शहाण्या माणसांना पडून गेलाय, हे वाचायला बसल्यावर कळलं. कुजायला ओलावा लागतो आणि ऊब लागते. ओल्या प्रदेशात वर्षाचा पाऊस आणि तापमान ठाऊक असलं, की तिथला पाचोळा किती दिवसांत मातीला मिळेल याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. वाळवंटात मात्र हा अंदाज फसत राहिला. तिथला पाचोळा हिशेबापेक्षा लवकर नाहीसा होत होता, पाऊस मुळीच नसलेल्या महिन्यांतही. विघटकांचं, म्हणजे बुरशी, जीवाणू आणि मेलेल्यावर जगणाऱ्या बाकीच्या जीवांचं, पाण्याशिवाय पान हलत नाही असं मानलं जायचं. आणि इथे पानं तर गायब होत होती.

या कोड्याचा एक मोठा तुकडा पॅटागोनियात सापडला. अर्जेंटिनातल्या तिथल्या कोरड्या, वाऱ्याने झोडपलेल्या गवताळ माळावर एमी ऑस्टिन आणि लुसिया विवान्को या दोघींनी पाचोळ्यावर वेगवेगळे पडदे ताणले. काही पडदे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील-ब किरण अडवणारे, काही बहुतेक सगळाच सूर्यप्रकाश अडवणारे. 2006 साली 'नेचर'मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. अतिनील-ब अडवले तर विघटन 33 टक्क्यांनी घटलं, आणि एकूण प्रकाशच अडवला तर 60 टक्क्यांनी. उलट पाचोळ्यावरच्या जीवांचा वावर कमी केला, तेव्हा काहीच फरक पडला नाही. म्हणजे त्या माळावर मेलेलं गवत खाणारा सगळ्यात मोठा गडी होता ऊन.

हे वाचल्यावर मला एकदम खिडकीत राहिलेलं जुनं वर्तमानपत्र आठवलं. दोन आठवडे उन्हात पडलं, की कागद पिवळा पडतो, कडांना हात लावला तर तुटतो. त्या स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं आणि ते प्रकाश शोषून घेतं. लिग्निन म्हणजे झाडाला ताठ उभं ठेवणारा पदार्थ. ओल्या जंगलात बुरशीलासुद्धा तो फोडताना घाम फुटतो, म्हणून पाचोळ्यातला तो सगळ्यात चिवट भाग. उन्हात नेमकं उलटं होतं. तोच प्रकाश पकडतो, तोच आधी मोडतो, आणि त्याच्या आडोशाला दडलेला बाकीचा माल मोकळा होतो. सावलीत जो चिवट, तोच उन्हात हळवा. यात पानातल्या कार्बनचा काही भाग मातीचं तोंडही न बघता थेट हवेत जातो.

पण ऊन हा अर्धाच कामगार. कार्बन तो उडवून लावतो. नत्र, स्फुरद आणि बाकीची क्षारद्रव्यं मातीत परत पोहोचवणं त्याला जमत नाही. त्यासाठी कुणीतरी जिवंत लागतं.

इथे थोडं भाषेकडे वळते. मेलेल्या वस्तूचं पुढे काय होतं, यासाठी मराठीत शब्दांची चंगळ आहे: सडणं, कुजणं, नासणं, आंबणं, विटणं, बुरसणं. हे सगळे ओले शब्द आहेत. उच्चारले तरी नाकाला काहीतरी जाणवतं. दुसऱ्या बाजूला विरणं, झिजणं, झडणं, भुगा होणं, जीर्ण होणं. हे कोरडे. यातला 'जीर्ण' मला फार आवडतो, कारण त्याचे दोन अर्थ आहेत. जीर्ण म्हणजे जुनं, झिजलेलं. आणि संस्कृतात जीर्ण म्हणजे पचलेलंसुद्धा. म्हणून तर न पचण्याला आपण अजीर्ण म्हणतो. आपलं 'जिरणं' याच घरातलं. अन्न जिरतं, पाणी जिरतं. वाळवंटात कुजणं क्वचितच होतं, पण जिरणं रोज चालू असतं, असं मला आता वाटतं. आणि या जिरण्याचं सगळ्यात मोठं पोट आहे वाळवीचं.

वाळवीचं नाव काढलं, की आपल्याला दाराची चौकट आणि पुस्तकांचं कपाट आठवतं, त्यामुळे तिच्याबद्दल बरं बोलायला जीभ वळत नाही. पण तिची अडचण पाहा. अंग मऊ, फिकट, कातडी पातळ. उघड्या उन्हात ती फार वेळ टिकू शकत नाही. अशा जिवाने वाळवंटात राहावं कशाला? तर ती वाळवंटात राहतच नाही. ती जमिनीखाली स्वतःचं एक दमट, अंधारं हवामान करून राहते आणि बाहेर पडायचं झालं, तर ते हवामान सोबत घेऊन निघते. पडलेली काटकी किंवा सुकलेलं शेण दिसलं, की त्याच्यावर माती आणि लाळ कालवून पापुद्र्यासारखं पांघरूण घालते आणि त्याच्या सावलीत खात बसते. काही दिवसांनी ते मातीचं पांघरूण उचलून पाहावं, तर खाली काटकी नसते. नुसता तिचा साचा उरतो.

दुसरी ओल तिच्या पोटात. लाकडातलं सेल्युलोज फोडणारे जीवाणू तिच्या आतड्यात असतात, काही कुळांमध्ये सोबत एकपेशीय आदिजीवही. त्यांना बाहेरच्या दुष्काळाशी देणंघेणं नाही. ते कायम ओल्यातच. माझ्या बंद पडलेल्या डब्याला जे जमलं नाही ते हिला जमतं, कारण हिने डबाच गिळलाय.

न्यू मेक्सिकोत होर्नाडा नावाचं एक जुनं संशोधन क्षेत्र आहे, चिवावा वाळवंटाच्या उत्तर भागात. तिथे वॉल्टर व्हिटफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुष्याची कित्येक वर्षं या न दिसणाऱ्या कामाचा हिशेब मांडण्यात घालवली. त्या वाळवंटात वर्षभरात पडणाऱ्या पाचोळ्यातला निम्म्याच्या आसपास भाग एकट्या वाळवीच्या पोटात जातो, असा तो हिशेब. त्यांनी काही तुकड्यांवरची वाळवी औषध घालून हटवूनही पाहिली. तिथे पाचोळा साचत गेला, हे अपेक्षितच होतं. मला थक्क केलं ते दुसऱ्या निरीक्षणाने. काही वर्षांनी झुडपांमधल्या उघड्या जमिनीत पाणी पूर्वीसारखं मुरेना. वाळवीची भुयारं बुजली होती, आणि आधीच तुटपुंजा असलेला पाऊस वरच्यावर वाहून जायला लागला. खाणारं तोंड काढून टाकलं, तर जमिनीचा घसासुद्धा बंद झाला.

आणि वाळवी जे खाते ते तिच्याकडेच थोडं राहतं? मुंग्या, कोळी, सरडे, पाली तिच्यावर टपलेले असतात. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटांमध्ये सरड्यांच्या जातींची जी रेलचेल आहे, तिच्या मुळाशी वाळवीच आहे असं एक मत आहे. मेलेलं गवत दोन पायऱ्यांत सरडा होतं.

होर्नाडाचीच आणखी एक गोष्ट, आकाराने अगदी लहान. 1981 साली छापलेल्या एका प्रयोगात जमिनीत पुरलेल्या पाचोळ्यातून माइट्स हटवण्यात आले होते. माइट्स म्हणजे कोळ्याच्या जातकुळीतले, डोळ्यांना दिसतील न दिसतील असे जीव. ते स्वतः पाचोळा फारसा खात नव्हते, म्हणून त्यांच्या जाण्याने काही बिघडू नये असं कुणालाही वाटेल. पण कुजणं मंदावलं. माइट्स खायचे सूत्रकृमींना, म्हणजे मातीतल्या दोऱ्यासारख्या बारीक कृमींना, आणि सूत्रकृमी खायचे जीवाणूंना. वाघ गेले, हरणं माजली आणि कुरण बोडकं झालं, त्यातलाच प्रकार, फक्त मूठभर पाचोळ्यात मावणारा. याचा अर्थ विघटन करणाऱ्यांच्या यादीत विघटन न करणाराही धरायला हवा. ही यादी कुठे संपते, मला सांगता येणार नाही.

इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या गोगलगायी तर कुठल्याच यादीत नीट बसत नाहीत. चुनखडीच्या दगडाच्या आत, पृष्ठभागाखाली, दगडफूल वाढतं. ते मिळवण्यासाठी या गोगलगायी दगडच खरवडून खातात. 1987 आणि 1990 मधल्या निबंधांत मोशे शाखाक, क्लाइव्ह जोन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा रीतीने दर हेक्टरी वर्षाला 0.7 ते 1.1 टन दगडाची माती होते, आणि विष्ठेतून जमिनीला नत्र मिळतं ते वेगळंच. गोगलगाय आणि पोटात पाय, एवढंच आपण म्हणतो. इथे पोटात डोंगर आहे.

मग कधीतरी पाऊस येतो.

एच. एफ. बर्च नावाचे मृदाशास्त्रज्ञ पूर्व आफ्रिकेत काम करत होते. 1958 मधल्या त्यांच्या निबंधात सुकलेली माती पुन्हा भिजवल्यावर काय होतं याची मोजमापं आहेत. भिजवल्याबरोबर मातीतून कार्बन डायऑक्साइडचा एक मोठा लोंढा बाहेर येतो, सतत ओल्या असलेल्या मातीतून येईल त्याहून कितीतरी मोठा, आणि मग तो ओसरत जातो. याला आता बर्च परिणाम म्हणतात. सुकण्याच्या काळात काही जीवाणू मेलेले असतात, काहींनी पेशीत क्षार आणि साखरेसारखी द्रव्यं साठवून तग धरलेला असतो. पाणी आलं, की मेलेले जिवंतांचं अन्न होतात, आणि जिवंत घाईघाईने साठवलेलं बाहेर टाकतात, नाहीतर पाणी आत घुसून पेशी फुटायची. माझ्या डब्याचा कोमटपणा आणि बर्चचा लोंढा एकाच खानदानातले, हे कळल्यावर मला उगाचच मोठं वाटलं.

पहिल्या पावसाच्या वासालाही याच मंडळींचा हातभार आहे. 1964 साली इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी त्या वासाला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. त्यातला मातकट सूर जिओस्मिन या रेणूचा, आणि जिओस्मिन तयार करण्यात स्ट्रेप्टोमायसिस नावाचे मातीतले जीवाणू आघाडीवर. या वासावर आपण भाळतो, पण तो आपल्यासाठी मुळीच नाही. 2020 मधल्या एका संशोधनाप्रमाणे तो स्प्रिंगटेल नावाच्या चिमुकल्या उड्या मारणाऱ्या जिवांना बोलावण्यासाठी आहे. ते येतात, जीवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर आणि पोटात घेऊन दुसरीकडे पोहोचवतात. पावसाच्या वासावर लिहिलेल्या एवढ्या कवितांपैकी एकही स्प्रिंगटेलला अर्पण केलेली माझ्या वाचनात नाही.

पाऊस नाही म्हणजे पाणी नाही, ही समजूत नामिब वाळवंटाने मोडून काढली. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर थंड बेंग्वेला प्रवाह वाहतो, त्याच्यावरून येणारं धुकं रात्री वाळूच्या टेकड्यांवर चढतं. एक काळा भुंगेरा टेकडीच्या माथ्यावर डोकं खाली, पार्श्वभाग वर करून उभा राहतो आणि अंगावर जमलेलं धुकं घरंगळत तोंडापर्यंत येऊ देतो. 1976 पासून हा भुंगेरा प्रसिद्ध आहे. त्याचं पाणी पिणं सगळ्यांना माहीत. तो खातो काय, हे फारसं कुणी विचारत नाही. तो खातो वाऱ्याने आणलेला कचरा. गवताच्या काड्या, बियांची टरफलं, मेलेल्या किड्यांचे पंख असं सगळं उडत येऊन टेकडीच्या वाऱ्याआडच्या उतारावर साचतं. हिरवं पान औषधालाही नसलेल्या टेकड्यांवर एवढे भुंगेरे जगतात ते या उधळून आलेल्या पंक्तीवर.

तेच धुकं उभ्या सुकलेल्या गवतावरही बसतं. तिथे काड्यांमध्ये गडद रंगाच्या बुरशा राहतात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसलं, की धुक्याने किंवा दवाने काडी भिजली, की काही मिनिटांत त्यांचा श्वास सुरू होतो, आणि सूर्य वर आला की पुन्हा बंद. रोज पहाटे थोडा वेळ, तेवढीच पाळी. पाऊस मोजणाऱ्या भांड्यात याची नोंदच होत नाही. सूर्य दिवसा, वाळवी रात्री, बुरशी पहाटे अशा वाटून घेतलेल्या पाळ्या पाहिल्या, की पावसावर बेतलेला हिशेब का फसत होता ते ध्यानात येतं.

नामिबमध्येच पॅकिसोमा नावाचे शेणकिडे आहेत. शेणकिडा म्हटलं की पाठमोरा होऊन गोळा ढकलत नेणारा डोळ्यांसमोर येतो. इथे शेण इतकं सुकं असतं की त्याचा गोळाच वळत नाही. म्हणून हे किडे सुक्या लेंड्या आणि काड्या मागच्या पायांत धरतात आणि पुढे तोंड करून ओढत नेतात. मग वाळूत खोलवर, जिथे थोडी ओल टिकून असते तिथे, नेऊन पुरतात. सुकं अन्न ओलीत ठेवायचं आणि ते मऊ पडेपर्यंत वाट पाहायची. त्यांच्या काही जाती चक्क घोड्यासारखे पुढचे दोन पाय एकदम टाकत दौडतात. का, हे मला विचारू नका. मला ते वाचूनच आनंद झाला.

अटाकामामध्ये मात्र हे सगळे खेळ थांबतात. चिलीतल्या त्या वाळवंटाच्या सगळ्यात कोरड्या पट्ट्यात मातीतून जीवाणू वाढवायला गेलं तर जवळजवळ काही हाती लागत नाही. 2003 साली तिथल्या मातीची तुलना थेट मंगळाशी केली गेली. तिथे हवेतून उतरलेलं नायट्रेट धुवून न्यायला पाऊस नाही आणि खायला कुणी नाही, म्हणून ते लाखो वर्षं साचत राहिलं. हेच ते चिलीचं सोरामीठ. त्याच्यासाठी 1879 मध्ये युद्ध पेटलं, आणि मग ते जहाजांत भरून दूरदूरच्या ओल्या शेतांत खत म्हणून गेलं. लाखो वर्षं ज्याला कुणी तोंड लावलं नव्हतं, ते तिथल्या मातीने एका हंगामात संपवलं.

त्याच किनाऱ्यावर चिंचोरो लोक राहायचे. आपल्या मृतांच्या ममी त्यांनी सुमारे 7000 वर्षांपूर्वी करायला सुरुवात केली, इजिप्तच्या कितीतरी आधी. 2012 मध्ये काही संशोधकांनी त्याचं एक कारण मांडलं. त्या वाळवंटात पुरलेली प्रेतं कुजतच नव्हती. पिढ्यान् पिढ्यांचे मृत तसेच जमिनीत होते, वारा आला की उघडे पडत होते. नाहीसेच न होणाऱ्या माणसांशी काहीतरी नातं ठेवणं भाग होतं. मला हे वाचताना अंगावर काटा आला. आपण ज्याला अमरपण म्हणतो, ते एखाद्या वाळवंटाचं अजीर्णही असू शकतं.

पण तिथेही कुणीतरी थांबलेलंच होतं. अलीकडच्या वर्षांत आरिका शहरातल्या संग्रहालयातल्या काही ममींची त्वचा काळी पडून चिकट, ओघळणारी होऊ लागली. 2015 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी जाहीर केलेलं कारण अगदी साधं होतं. त्या भागातली हवा दमट होत चालली होती, आणि माणसाच्या कातडीवर एरवी गुमान राहणारे साधे जीवाणू त्या त्वचेवर चरायला लागले होते. त्यांना खास असं काहीच लागलं नाही. दोन तांबे पाणी, तेही वाफेच्या रूपात.

सगळ्यात शेवटी सवारो. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटातला, हात वर केलेल्या माणसासारखा दिसणारा तो उंच निवडुंग. दीडशे ते दोनशे वर्षं जगतो, वजन काही टन, आणि त्यातलं बहुतेक पाणी. आयुष्यभर पै-पै करून साठवलेलं पाणी घेऊन तो एक दिवस मरतो, आणि अवतीभवती सगळं रखरखीत असताना त्याच्या आत मात्र साग्रसंगीत सडणं सुरू होतं. इथे ओले शब्द वापरायला हरकत नाही. जीवाणू गर पातळ करतात, त्यावर यीस्ट वाढतात, काळा रस बुंध्याशी झिरपतो. यीस्टच्या वासावर फळमाश्या येतात. त्यांची वाटणी ठरलेली आहे: ड्रोसोफिला नायग्रोस्पायराक्युला सडलेल्या गरात अंडी घालते, तर ड्रोसोफिला मेटलेरी त्याच रसाने भिजलेल्या जमिनीत. शेजारच्या सेनिटा निवडुंगाच्या गरात इतर माश्यांना मारक असे अल्कलॉइड असतात. तिथे ड्रोसोफिला पॅकिआ एकटीच नांदते, आणि तिला त्याच निवडुंगातला एक पदार्थ मिळाल्याशिवाय वाढताच येत नाही. मोठ्या निवडुंगमाश्यांच्या अंगाला लटकून छद्मविंचू येतात, नखाच्या टोकावर मावतील एवढे; आधीचा निवडुंग सुकत आला, की नव्या सडत्या निवडुंगावर जायचं त्यांचं वाहन हेच.

काही महिन्यांत गर संपतो. सुतारपक्ष्याने पूर्वी खोदलेल्या ढोलीभोवती सवारोने जखम भरताना धरलेली कठीण साल तेवढी बुटासारखी शाबूत राहते. त्याच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे असंख्य स्फटिक असतात, त्यांचं हळूहळू कॅल्साइट होतं, म्हणजे चुनखडीतलंच खनिज. हवेतून घेतलेल्या कार्बनचा एक वाटा असा दगड होऊन मातीत उतरतो. आणि उरतात लाकडाच्या लांब फासळ्या, करकरीत सुकलेल्या. त्यांच्यावर दिवसभर ऊन पडतं. त्या आडव्या होतात तेव्हा कुठल्याशा रात्री खालून वाळवी येते आणि पहिली मातीची पापुद्री चढवायला लागते.